नेर्न ट्रान्सपोर्ट कंपनी

नेर्न ट्रान्सपोर्ट कंपनी ही सीरियाच्या वाळवंटातून दमास्कस आणि बगदाद या दोन शहरांच्या दरम्यान टपाल व प्रवासी वाहतूक करणारी खासगी मोटार कंपनी होती. मूळच्या न्यू झीलंडच्या नॉर्मन नेर्न व जेरल्ड नेर्न या दोन भावांनी ती स्थापन केली. १८ ऑक्टोबर १९२३ रोजी तिची नियमित टपालसेवा सुरू झाली. साध्या मोटारगाड्यांपासून आरंभ केलेल्या या कंपनीने पुढे सहा चाकी बसगाड्या आणि १९३७ पासून पोलादी, वातानुकूलित डबे वापरले. १९२६ मधील विलीनीकरणानंतर ती नेर्न ईस्टर्न ट्रान्सपोर्ट कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तथापि प्रवाशांमध्ये 'नेर्न' एवढेच नाव रूढ राहिले. १९५९ मध्ये कंपनीचा कारभार संपुष्टात आला.

पक्का रस्ता नसलेल्या प्रदेशात वेळापत्रकानुसार चाललेली लांब पल्ल्याची बससेवा म्हणून या कंपनीचा वाहतुकीच्या इतिहासात उल्लेख होतो. तिच्या प्रगतीला भूरचना आणि मोटारींची क्षमता जेवढी कारणीभूत होती, तेवढेच मार्गातील टोळ्या व सरकारे यांच्याशी असलेले करारमदारही होते. हे संबंध बिघडले त्या त्या वेळी कंपनीला मार्ग बदलावा लागला आणि शेवटी सेवाही थांबवावी लागली.

पार्श्वभूमी

दमास्कस आणि बगदाद यांच्यामध्ये सुमारे ८०० ते ९०० किलोमीटर रुंदीचे सीरियाचे वाळवंट पसरले आहे. उंटांच्या तांड्यांना ते ओलांडण्यास कित्येक आठवडे लागत. त्यामुळे बहुतेक व्यापारी तांडे उत्तरेकडून, युफ्रेटिस नदीच्या काठाने वळसा घेऊन जात. एकोणिसाव्या शतकात या दोन शहरांमध्ये सांडणीस्वारांमार्फत टपाल नेले जात असे. परंतु सामान्य प्रवाशांना वाळवंटाचा थेट मार्ग वापरणे शक्य नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रदेशाची राजकीय स्थिती पालटली. उस्मानी साम्राज्य लयाला गेले. सीरिया व लेबनॉन फ्रान्सच्या, तर पॅलेस्टाईन, ट्रान्सजॉर्डन व इराक हे प्रदेश ब्रिटनच्या आधिपत्याखाली आले. इराकमधील ब्रिटिश अधिकारी, व्यापारी व तेल व्यवसायातील लोक यांना युरोपशी जलद संपर्काची गरज भासू लागली.

त्या काळी बगदादहून लंडनला जाणारे पत्र प्रथम रेल्वेने दक्षिणेस बसऱ्याला जाई. तेथून आगबोटीने ते इराणच्या आखातातून मुंबईस येई आणि मुंबईहून टपालबोटीने एडन व सुएझ कालव्यामार्गे युरोपला रवाना होई. युरोप वायव्येला असताना पत्राला प्रथम आग्नेयेकडे हजारो किलोमीटर जावे लागे. या प्रवासाला महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ लागे. इराकचे मुंबईशी असलेले हे नाते केवळ जहाजांपुरते नव्हते. महायुद्धात मेसोपोटेमियावर चालून गेलेले सैन्य भारतातून पाठवण्यात आले होते आणि १९३२ मध्ये दिनार हे चलन येईपर्यंत इराकमध्ये भारतीय रुपया व आणा हेच चलन वापरात होते. इराकच्या तेव्हाच्या टपाल तिकिटांवरील किमतीही आणे व रुपये यांतच छापलेल्या असत.

१९२१ मध्ये ब्रिटनच्या शाही हवाई दलाने कैरो ते बगदाद अशी विमान टपालसेवा सुरू केली. वैमानिकांना वाट चुकू नये म्हणून वाळवंटात काही ठिकाणी नांगराने लांबच लांब चर काढण्यात आले होते. परंतु त्या काळच्या विमानांची वहनक्षमता मर्यादित होती. अवजड टपाल आणि सामान्य प्रवासी यांची सोय त्यातून होऊ शकत नव्हती.

संस्थापक आणि आरंभीचा व्यवसाय

नॉर्मन व जेरल्ड हे न्यू झीलंडच्या दक्षिण बेटावरील ब्लेनहाइम या गावचे होते. पहिल्या महायुद्धात दोघांनीही पॅलेस्टाईनच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्यात सेवा केली. युद्ध संपल्यावर मायदेशी न परतता त्यांनी बैरूत येथे मोटारगाड्यांच्या विक्रीचा व्यवसाय आरंभला. विक्रीला फारसा प्रतिसाद न मिळाल्याने उरलेल्या गाड्या भाड्याने चालवाव्यात असे त्यांनी ठरवले आणि बैरूत ते हैफा या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू केली.

या किनारी मार्गाचा काही भाग समुद्रकाठच्या ओल्या, घट्ट वाळूवरून जात असे. घोडागाडीने प्रवासाला काही दिवस लागत, तेच अंतर मोटार एका दिवसात कापू लागली. साहजिकच घोडागाडीवाल्यांच्या पोटावर पाय आला आणि त्यांनी या सेवेला कडवा विरोध केला. तो विरोध ओसरल्यावर हा व्यवसाय स्थिरावला. भाऊ स्वतः गाड्या चालवत आणि दुरुस्तही करत. खराब वाटांवरून मोटारी नियमितपणे चालवण्याचा जो अनुभव त्यांनी येथे घेतला, तो पुढे वाळवंटात उपयोगी पडला.

वाळवंटातील पहिली सफर

वाळवंटातून मोटारमार्ग काढता येईल का, याचा शोध १९२३ च्या सुरुवातीस घेतला जाऊ लागला. दमास्कस येथील ब्रिटिश वकील सी. ई. एस. पामर यांनी त्यात पुढाकार घेतला आणि नेर्न बंधूंना या कामी सहभागी करून घेतले. मार्गाची माहिती मिळाली ती मोहम्मद इब्न बस्साम या अरब व्यापाऱ्याकडून. सोन्याच्या चोरट्या व्यापाराच्या निमित्ताने त्याचा या भागात राबता होता आणि वाळवंटातील टोळ्यांच्या शेखांशी त्याचे संबंध होते.

एप्रिल १९२३ मध्ये तीन मोटारींचा ताफा दमास्कसहून निघाला आणि सुमारे तीन दिवसांत बगदादला पोहोचला. त्यानंतर मार्गाची आणखी पाहणी करण्यासाठी अनेक फेऱ्या करण्यात आल्या. आखून दिलेली सडक नव्हती. त्यामुळे कोणत्या ऋतूत कोठून जाणे सुरक्षित आहे, ओढ्यांची पात्रे कोठे ओलांडता येतात आणि पाणी कोठे मिळते, याचे ज्ञान चालकांनी फेऱ्यांगणिक जमवले.

टोळ्यांशी समझोता हे मार्ग खुला होण्यामागचे दुसरे महत्त्वाचे कारण होते. वाळवंटातून जाणाऱ्या तांड्यांकडून संरक्षणाच्या मोबदल्यात रक्कम घेण्याची तेथील बदाऊनी टोळ्यांची जुनी रीत होती. इब्न बस्सामच्या मध्यस्थीने कंपनीने शेखांना ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले आणि त्याबदल्यात तिच्या गाड्यांना अभय मिळाले.

टपालाचा करार

इराक सरकारशी झालेल्या करारानुसार १८ ऑक्टोबर १९२३ रोजी नियमित टपालसेवेला प्रारंभ झाला. या सेवेमुळे बगदाद–लंडन टपालाचा कालावधी सुमारे दहा दिवसांवर आला. मार्गावरून जाणाऱ्या पत्रांवर नेहमीच्या दराखेरीज जादा आकार घेतला जाई आणि त्यांवर 'ओव्हरलँड मेल, बगदाद–हैफा' अशा आशयाचा मजकूर असे. अशी पाकिटे टपाल तिकिटांच्या संग्राहकांमध्ये आजही मोलाची मानली जातात.

टपालाच्या करारामुळे कंपनीला प्रवाशांची संख्या कमी-अधिक झाली तरी ठरावीक उत्पन्न मिळू लागले. मात्र, टपाल वेळेवर पोहोचवण्याचे बंधनही त्याबरोबर आले. पुरेशा राखीव गाड्या, सुटे भाग व कुशल कारागीर सदैव सज्ज ठेवणे त्यामुळे भाग पडले. अल्पावधीतच या मार्गावर अनेक लहान-मोठे मोटारवाले उतरले. त्यांचे दर कमी असत. परंतु वक्तशीरपणाच्या बाबतीत त्यांना नेर्नची बरोबरी करता आली नाही.

मार्ग व भूरचना

दमास्कस सोडल्यानंतर मार्ग पूर्वेकडे जाऊन दुमैरच्या परिसरातून उघड्या वाळवंटात शिरत असे. पुढे रुत्बा, रमादी व फलुजा ही मुख्य ठिकाणे होती. फलुजा येथे युफ्रेटिस नदी नावांच्या तरत्या पुलावरून ओलांडून गाड्या बगदादला पोहोचत.

सीरियाचे वाळवंट हे नावाने वाळवंट असले तरी त्याचा मोठा भाग वाळूच्या टेकड्यांचा नाही. बारीक खडी व कठीण माती यांनी बनलेले ते सपाट पठार आहे. कोरड्या हवेत हा पृष्ठभाग बांधलेल्या सडकेइतका टणक असतो. त्यामुळे रस्त्यावर कोणताही खर्च न करता मोटारी येथे वेगाने जाऊ शकत. मार्गातील खरा अडथळा होता तो चिखलाचा. पावसाळी पाणी साचून वाळलेल्या मातीची विस्तीर्ण सपाट मैदाने वाटेत लागत. उन्हाळ्यात ती गुळगुळीत असत. हिवाळ्यातील पावसानंतर मात्र तेथे चाके रुतून बसत आणि क्वचित गाड्या दिवसच्या दिवस अडकून पडत.

दमास्कस आणि बगदाद यांच्या जवळजवळ मध्यावर असलेल्या रुत्बा येथे प्राचीन विहिरी होत्या. सुमारे १९२७ पर्यंत इराक सरकारने तेथे तटबंदी असलेले ठाणे बांधले. त्यात पोलीस चौकी, बिनतारी संदेश केंद्र आणि प्रवाशांसाठी विश्रामगृह होते. कैरो–बगदाद विमानमार्ग १९२७ मध्ये इंपीरियल एअरवेज कंपनीकडे गेल्यावर तिची विमानेही येथे उतरू लागली. त्यामुळे बसचे आणि विमानाचे प्रवासी एकाच भोजनगृहात एकत्र येत.

गाड्या शक्यतो ताफ्याने निघत. एखादी नादुरुस्त झाल्यास दुसरीची मदत मिळावी हा त्यामागील हेतू असे. पाणी, इंधन व सुटे भाग यांचा राखीव साठा बरोबर घेतला जाई. प्रवाशांच्या भोजनाची व्यवस्था कंपनीच करत असे.

१९२५ चा उठाव आणि मार्गबदल

१९२५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच सत्तेविरुद्ध सीरियात द्रुझ समाजाच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. त्याचे लोण दमास्कसच्या परिसरात पोहोचले आणि शहरालगतचा मार्ग असुरक्षित झाला. कंपनीच्या ताफ्यावरही हल्ला झाला. बदाऊनी शेखांशी झालेला समझोता येथे निरुपयोगी ठरला. कारण हा संघर्ष टोळ्यांच्या हद्दीतला नव्हता, तो परकीय राजवटीविरुद्धचा होता.

कंपनीने दमास्कस टाळून जेरुसलेम व अम्मानमार्गे रुत्ब्याकडे जाणारा दक्षिणेकडील मार्ग स्वीकारला. या मार्गात काळ्या बेसॉल्ट दगडांचा विस्तीर्ण पट्टा लागतो. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या या धारदार धोंड्यांमुळे टायर फाटत, गाड्यांच्या कमानी मोडत आणि वेळही अधिक लागे. त्यामुळे खर्च भरमसाठ वाढला. काही काळ उत्तरेकडून त्रिपोली, होम्स व पालमिरा या मार्गानेही गाड्या नेण्यात आल्या. उठाव शमल्यानंतर कंपनी पुन्हा दमास्कसच्या मार्गावर आली.

या आर्थिक ताणाच्या काळातच, १९२६ मध्ये, ईस्टर्न ट्रान्सपोर्ट या प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण होऊन नेर्न ईस्टर्न ट्रान्सपोर्ट कंपनी अस्तित्वात आली. दोन भावांच्या मालकीचा व्यवसाय आता भागधारकांच्या कंपनीत रूपांतरित झाला. मात्र व्यवस्थापन नेर्न बंधूंकडेच राहिले.

वाहने

कंपनीच्या वाहनांच्या निवडीत मार्गाच्या गरजा स्पष्ट दिसतात. प्रारंभी ब्यूक आणि त्यानंतर कॅडिलॅक या अमेरिकन बनावटीच्या मोठ्या मोटारी वापरल्या गेल्या. युरोपीय गाड्या प्रामुख्याने बांधलेल्या सडकांसाठी घडवलेल्या असत. त्या तुलनेत अमेरिकेतील ग्रामीण भागातील खराब रस्त्यांसाठी बनवलेल्या गाड्यांचे सांगाडे भक्कम व इंजिने शक्तिशाली असत.

प्रवासी वाढल्यावर मोटारींचे ताफे परवडेनासे झाले. १९२७ च्या सुमारास फिलाडेल्फिया येथे बनलेल्या सहा चाकी 'सेफवे' बसगाड्या आणण्यात आल्या. त्यानंतर, १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात, इंडियानापोलिसच्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीकडून ओढगाडी व तिला जोडलेला प्रवासी डबा अशा रचनेची अवाढव्य वाहने तयार करून घेण्यात आली. या रचनेचा मोठा फायदा असा की, ओढगाडी नादुरुस्त झाल्यास तेवढीच बदलता येई आणि प्रवाशांचा डबा पुढे नेता येई.

१९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने बांधलेले दोन डबे सेवेत दाखल झाले. ही कंपनी गंजरोधक पोलादाचे रेल्वेडबे बनवण्यासाठी प्रसिद्ध होती आणि तेच तंत्र तिने येथे वापरले. डबे वजनाने हलके, चकचकीत आणि वातानुकूलित होते. वातानुकूलनाचा उपयोग केवळ गारव्यापुरता नव्हता. खिडक्या कायम बंद ठेवता येत असल्याने आत धूळ शिरत नसे आणि वाळवंटातील प्रवासाची ही सर्वांत मोठी तक्रार त्यामुळे दूर झाली. या गाड्या दमास्कस–बगदाद अंतर एका दिवसाहून कमी वेळात पार करत आणि प्रवासाचा मोठा भाग रात्री होत असे.

प्रवासी

कंपनीच्या प्रवाशांमध्ये ब्रिटिश व इराकी अधिकारी, लष्करी लोक, व्यापारी, पुरातत्त्वज्ञ आणि तेल कंपन्यांचे कर्मचारी यांचा समावेश असे. बगदादहून खानकीनमार्गे तेहरानला जाणारे प्रवासीही या सेवेचा लाभ घेत. किर्कुक येथील तेल भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी नळवाहिनी १९३४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या बांधकामामुळे व उदंचन केंद्रांमुळे पूर्वी निर्जन असलेल्या या प्रदेशात वर्दळ वाढली.

इंग्लिश लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी १९२८ मध्ये नेर्नच्या गाडीने बगदादचा प्रवास केला. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या प्रवासाचे वर्णन केले असून नेर्न बंधूंना मात्र त्या ऑस्ट्रेलियन समजल्या होत्या. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पार्कर पाइन कथासंग्रहातील 'द गेट ऑफ बगदाद' ही रहस्यकथा दमास्कस–बगदाद मार्गावरील अशाच सहा चाकी बसमध्ये घडते.

ऱ्हास व अखेर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मार्गाचे लष्करी महत्त्व वाढले. मे १९४१ मध्ये ब्रिटन आणि इराक यांच्यात झालेल्या अल्पकालीन युद्धात रुत्ब्याच्या ठाण्यासाठी लढाई झाली. त्याआधी, जुलै १९४० मध्ये, तुर्कस्तान व सीरियामार्गे बगदादपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला होता. त्यामुळे युरोपकडे जाणाऱ्या प्रवाशांना आणखी एक पर्याय उपलब्ध झाला.

महायुद्धानंतर कंपनीपुढील अडचणी वाढत गेल्या. १९४८ च्या अरब–इस्रायल युद्धानंतर हैफा बंदर अरब देशांपासून तुटले. ज्या हैफाचे नाव कंपनीच्या पहिल्या टपालावर छापले जात होते, ते शहर तिच्या सेवाक्षेत्राबाहेर गेले. पूर्वी केवळ दोन युरोपीय सत्तांच्या परवानगीने चालणारी वाहतूक आता स्वतंत्र राष्ट्रांच्या सीमा, जकात नाकी व बदलते धोरण यांच्या अधीन झाली. विमानप्रवास स्वस्त व सुलभ झाल्याने टपाल आणि सुस्थितीतील प्रवासी हे दोन्ही घटक बसपासून दुरावले.

१९५० च्या दशकात नॉर्मन नेर्न यांनी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवली आणि नेर्न कुटुंबाचा तिच्याशी असलेला संबंध संपला. १९५६ मधील सुएझच्या संघर्षामुळे ब्रिटिश नाव असलेल्या उद्योगांसाठी या प्रदेशातील वातावरण प्रतिकूल झाले. फेब्रुवारी १९५८ मध्ये सीरिया इजिप्तबरोबर संयुक्त अरब प्रजासत्ताकात विलीन झाला. त्याच वर्षी १४ जुलै रोजी इराकमध्ये क्रांती होऊन राजेशाही संपुष्टात आली. या अस्थिरतेत सेवा चालू ठेवणे अशक्य होऊन १९५९ मध्ये कंपनी बंद झाली.

महत्त्व

नेर्न कंपनीच्या सेवेमुळे इराकचा युरोपशी असलेला दळणवळणाचा मार्ग दक्षिणेकडील समुद्राऐवजी पश्चिमेकडील वाळवंटातून जाऊ लागला. बगदादच्या युरोपीय टपालासाठी मुंबईमार्गे जाणाऱ्या सागरी मार्गाचे महत्त्व त्यामुळे ओसरले. सीरियाच्या वाळवंटातील सांडणीमार्गांचा ऱ्हास आणि टोळ्यांच्या पारंपरिक उत्पन्नात झालेली घट यांनाही मोटार वाहतूक काही अंशी कारणीभूत ठरली. आरंभी टोळ्यांच्या संमतीवर अवलंबून असलेला हा मार्ग पुढे पोलीस ठाणी, बिनतारी केंद्रे व सीमाचौक्या यांच्या ताब्यात गेला.

अमेरिकन अभ्यासिका क्रिस्टिना फेल्प्स ग्रँट यांच्या सीरियाच्या वाळवंटावरील १९३७ च्या ग्रंथात या मोटारमार्गाची दखल घेतलेली आहे. जॉन मन्रो यांनी लिहिलेला 'द नेर्न वे : डेझर्ट बस टू बगदाद' (१९८०) हा ग्रंथ या कंपनीच्या इतिहासाला वाहिलेला आहे. बगदादहून पश्चिमेकडे जाणारा आधुनिक महामार्ग आजही रमादी व रुत्बा यांच्या परिसरातूनच जातो.